हप्त्याहप्त्याने वाचलेली ‘पण लक्षांत कोण घेतो’

साताऱ्याच्या शनिवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर रविवारी सकाळी आमचा वाचनकट्टा भरतो. त्याला वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत आणि पाहुण्यांची भाषणेही नाहीत. प्रत्येकाने सध्या आपण काय वाचतो आहोत ते सांगायचे, एवढाच कार्यक्रम. सांगणाऱ्याने पुस्तक पुरे केलेले असावे अशी अट नाही. पुरे केलेले नसेल तर अधिकच बरे, असे माझे मत गेल्या काही काळात होत गेले. ते कसे झाले हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

कट्ट्यावर नव्या पुस्तकांचीही बोलणी होतात, पण रंगतात त्या जुन्या कादंबऱ्या. नवे पुस्तक वाचणारा एकटाच असतो, तो सांगतो आणि बाकीचे ऐकून घेतात. जुनी कादंबरी निघाली की बसलेल्यांपैकी निम्म्या जणांना ती कधीतरी वाचल्याचे आठवते. एखाद्याला त्यातला एकच प्रसंग लख्ख आठवतो आणि दुसऱ्याला नेमका तोच आठवत नाही. एस.टी.तून निवृत्त झालेले आमचे कंडक्टरकाका व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचत होते, तेव्हा असेच झाले. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही लहानशी कादंबरी माणदेशातल्या धनगरवाडीवर नेमणूक झालेल्या एका कोवळ्या मास्तराची. काकांची कितीतरी वर्षे दहिवडी-म्हसवडच्या रस्त्यावर गेलेली. पहिल्याच पानांत मास्तर माळ तुडवत वाडीकडे निघतो, त्या चालण्याविषयीच ते बराच वेळ बोलत राहिले. पुढे दुष्काळ येणार आणि वाडी उठणार हे आम्हांला ठाऊक होते, काकांना नव्हते. ते वाडीत तालीम बांधली जाते त्या भागात होते आणि आनंदात होते. त्यांच्या त्या आनंदात मला कादंबरीचे एक अंग दिसले. शेवट माहीत असल्यामुळे इतकी वर्षे ते माझ्या नजरेतून निसटलेले होते.

त्याच सुमारास महाविद्यालयातून निवृत्त झालेले इंग्रजीचे सर टॉलस्टॉयची ‘अ‍ॅना कॅरेनिना’ पुन्हा वाचायला बसले होते. दर रविवारी ते आपण कुठवर आलो ते सांगत. एकदा त्यांनी तिसऱ्या भागातला लेव्हिनचा गवतकापणीचा प्रसंग सविस्तर सांगितला. जमीनदार असलेला लेव्हिन शेतकऱ्यांच्या रांगेत उभा राहून दिवसभर गवत कापतो. प्रथम त्याला दम लागतो, पाते नीट चालत नाही, आणि मग काही क्षण असे येतात की हात आपोआप चालू लागतात आणि वेळेचे भान राहत नाही. दुपारी एक म्हातारा पाव कुस्करतो, त्यावर पाणी ओततो, मीठ घालतो आणि त्याला आपल्याबरोबर खायला बसवतो. कोरेगाव तालुक्यातून येणारे आमचे एक शेतकरी सभासद एरवी फारसे बोलत नाहीत. ते म्हणाले, “सर, हे लिहिणाऱ्यानं सोता कापलंय. ज्वारीच्या काढणीला पयल्या दिशी असंच हुतंय. दुपारपतुर वाटतंय आता न्हाई जमत, आन् मंग हात लागतो.” टॉलस्टॉय खरोखरच आपल्या इस्टेटीवर शेतकऱ्यांबरोबर कापणीला जात असत, असे सरांनी सांगितले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्यात त्यांना नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

या ओघातच सरांनी एक गोष्ट सांगितली आणि आमच्या उपक्रमाचे बीज तिथे पडले. ‘अ‍ॅना कॅरेनिना’ १८७५ ते १८७७ या काळात ‘रशियन मेसेंजर’ या नियतकालिकात क्रमशः येत होती. शेवटच्या भागात सर्बियाच्या युद्धाला निघालेल्या स्वयंसेवकांविषयी टॉलस्टॉयने जे लिहिले होते ते संपादक कात्कोव्ह यांना मान्य नव्हते, म्हणून त्यांनी तो भाग छापायचे नाकारले आणि टॉलस्टॉयने तो स्वतंत्रपणे छापून काढला. म्हणजे त्या काळच्या वाचकाला शेवटचे पान उलटून पाहण्याची सोयच नव्हती. तो महिनोन्महिने मधल्या पानांवरच थांबलेला असे.

हे ऐकून जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “मग आपले आपटे कुठे वेगळे होते? ‘पण लक्षांत कोण घेतो’सुद्धा ‘करमणूक’मधून अशीच आली.” हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ही कादंबरी १८९३ पर्यंत त्यात हप्त्याहप्त्याने येत राहिली. आमच्यापैकी बहुतेकांनी ती तरुणपणी कधीतरी, सुट्टीत, झपाट्याने वाचलेली होती. काय आठवते असे विचारले तेव्हा प्रत्येकाने एकच सांगितले: विधवा झालेल्या नायिकेचे, यमूचे केशवपन. एवढ्या जाड कादंबरीतून आम्हां सगळ्यांकडे एकच प्रसंग उरला होता. मग ती तिच्या पहिल्या वाचकांसारखी, आठवड्याला ठरावीक प्रकरणे अशी सर्वांनी मिळून वाचावी आणि कोणीही पुढे जाऊ नये, असे ठरले.

पहिली अडचण प्रतींची आली. आपट्यांचे निधन १९१९ साली झाले, त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्यांवर आता कोणाचा हक्क राहिलेला नाही आणि वेगवेगळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या बाजारात आहेत. कोणाकडे आजोबांच्या काळातली, पुठ्ठा निघालेली प्रत होती, कोणी ग्रंथालयातून आणली, एकाने फोनवर उतरवून घेतली. पृष्ठांक कोणाचेच जुळेनात. म्हणून पानांचा नाद सोडून प्रकरणांच्या क्रमांकाने चालायचे ठरवले. कट्ट्यातल्या सर्वांत वडील आजींना आता बारीक अक्षर दिसत नाही. त्यांच्यासाठी नातवाने मोठ्या अक्षरातल्या झेरॉक्स काढून, भोके पाडून, सुतळीने बांधून आणल्या. गंमत अशी की जुन्या प्रतीतले ‘तें’, ‘मीं’, ‘घरांत’ असे अनुस्वारांनी भरलेले लेखन वाचताना स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा आमचा विद्यार्थी अडखळत होता आणि आजी मात्र, कोणी समोर बसून मोठ्याने वाचू लागले की, अनुस्वार कुठे गाळला तेही सांगत होत्या. त्यांच्या शाळेच्या पुस्तकांत ते होतेच.

दुसरी गोष्ट म्हणजे वही. ही कल्पना बाईंची. रविवारी बोलणे सुरू होण्याआधी प्रत्येकाने या आठवड्यात वाचलेल्या भागाविषयी चार ओळी वहीत लिहायच्या, खाली तारीख आणि प्रकरण टाकायचे, आणि मागचे मत बदलले तरी ते खोडायचे नाही. फुलस्केप आकाराची, तांबड्या कापडी कण्याची, दुकानदार हिशेबाला ठेवतात तसली वही आणली गेली. सुरुवातीला मंडळी संकोचाने लिहीत. कंडक्टरकाका तर पहिल्या खेपेला फक्त “वाचले. बरे आहे.” एवढेच लिहून मोकळे झाले. पुढे त्याच काकांच्या नोंदी पानभर होऊ लागल्या आणि आजी आपले म्हणणे सांगून कोणाकडून तरी लिहवून घेऊ लागल्या.

पहिल्या प्रकरणांत बाहेरून पाहिले तर फार काही घडत नाही. मोठी झालेली यमुना आपले बालपण सांगते: दादाशी होणारी भांडणे, सोसणारी आई, वडिलांचा धाक, घरातल्या बायकांची बोलणी. आपट्यांवर पाल्हाळाचा आक्षेप फार जुना आहे, आणि एका बैठकीत पुस्तक संपवायला निघालेल्या वाचकाला तो पटतोही. मलाही एके काळी पटला होता. आठवड्याला थोडे थोडे वाचू लागल्यावर मात्र त्या पाल्हाळाचे काम कळू लागले. दोन रविवारांच्या मधल्या सहा दिवसांत यमूच्या घरातली माणसे आमच्या बोलण्यात येऊ लागली. जिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या आमच्या सिस्टर सांगत, की रात्रपाळीला वॉर्डात एखादी बाई नवऱ्यासमोर बोलता बोलता गप्प झाली की त्यांना यमूची आई आठवते. घरात रोज घडणारे, कोणी मुद्दाम सांगणार नाही असे जे असते, तेच आपट्यांनी पानोपानी लिहून ठेवले आहे. पुढे येणाऱ्या आघाताचा भार याच पानांवर तोललेला आहे. ती गाळून शेवटाकडे धावणाऱ्याला एका विधवेची कहाणी मिळेल; यमू मिळणार नाही.

यमूची मैत्रीण दुर्गी आली तेव्हा वहीत पहिला खरा वाद झाला. दुर्गीच्या वाट्याला आलेला नवरा आणि तिचे हाल वाचून विद्यार्थ्याने लिहिले, की लेखकाने यमूचे सुख उठून दिसावे म्हणून दुर्गीला मुद्दाम दुःखात घातले आहे. बाईंनी त्याखाली लिहिले, की त्या काळी दुर्गी हा नियम होता आणि यमूला मिळालेला रघुनाथराव हा अपवाद. हा वाद कित्येक रविवार पुरला. बायकोला लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या, तिच्याशी बरोबरीने बोलणाऱ्या रघुनाथरावांवर सर्वांचा जीव जडला होता, पण सिस्टरची एक नोंद मला अजून महत्त्वाची वाटते: “चांगला माणूस आहे. पण यमूचे सगळे चांगले याच्या एकट्याच्या जिवावर आहे, याची भीती वाटते.” ही नोंद करताना त्यांना पुढचे काहीही ठाऊक नव्हते. शेवट ठाऊक असणाऱ्या आमच्यापैकी कोणालाही हे वाक्य सुचले नव्हते.

हप्त्यांनी वाचण्याचा आणखी एक लाभ झाला. कादंबरी चालू असताना बाहेर काय चालले होते, हे पाहण्याची बुद्धी झाली. मुलींच्या बाबतीत संमतीचे वय १० वरून १२ वर नेणारा कायदा मार्च १८९१ मध्ये मंजूर झाला. म्हणजे ‘करमणूक’चे अंक घरोघर जात होते त्याच महिन्यांत महाराष्ट्रात त्यावरून रण माजले होते. सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून टिळक विरोधात उभे होते आणि आगरकर ‘सुधारक’मधून बाजूने लिहीत होते. आगरकर तर आमच्याच जिल्ह्यातले, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. केशवपनाच्या चालीवर त्यांनी जितके कठोर लिहिले तितके त्या पिढीत फार थोड्यांनी लिहिले असेल. विधवांना आसरा आणि शिक्षण देणारे पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली मुंबईत निघून पुढच्याच वर्षी पुण्याला आले होते. मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला, तोही याच सुमाराचा. ही माहिती बाई आणि सर मिळून जमवत आणि त्या त्या रविवारी सांगत. आपट्यांच्या वाचकाने सकाळी वर्तमानपत्रात शास्त्रार्थ वाचावा आणि संध्याकाळी ‘करमणूक’मध्ये त्याच शास्त्रार्थाखाली वावरणारी एक मुलगी भेटावी, असे ते दिवस होते. वादात ज्यांच्याविषयी बोलले जात होते, त्यांच्यातलीच एक या कादंबरीत ‘मी’ म्हणून बोलू लागली. पुरुष लेखकाने स्त्रीच्या तोंडून, पहिल्या पुरुषात, इतकी प्रदीर्घ कथा सांगणे हे त्या वेळी किती धाडसाचे होते, हे मला या संदर्भाशिवाय कधी नीट उमगले नसते.

मुंबईची प्रकरणे आली आणि कट्टा हसूबोलू लागला. सासरच्या काचातून सुटून नवऱ्याबरोबर वेगळे घर, शिकलेल्या लोकांचा शेजार, वाचन, मोकळे बोलणे. इथे काही सभासदांना कथा रेंगाळल्यासारखी वाटली. आजी म्हणाल्या, “रेंगाळू दे की बाई. तिला चार दिवस मिळालेत, ते कशाला घाईनं संपवतेस?” त्यानंतर कोणी तक्रार केली नाही. मात्र याच काळात आमच्यात दोन तट पडले होते. शेवट माहीत असणारे बोलताना जपून बोलत, आणि माहीत नसणाऱ्यांना ते जपणे दिसत असे. एका रविवारी उठता उठता विद्यार्थ्याने विचारले, “काकू, हे असंच चांगलं चालू राहणार आहे ना?” मी त्याला वहीत पुढची प्रकरणे लिहून दिली आणि पेढ्यांचे खोके त्याच्यापुढे केले. यमुना स्वतः मागे वळून सांगते आहे, तिच्या स्वरात पहिल्यापासूनच दुखरेपणा आहे, हे त्यालाही कळत होतेच. तरी आशा सुटत नव्हती. ‘करमणूक’च्या वाचकांचीही पुढच्या अंकापर्यंत अशीच स्थिती होत असली पाहिजे.

रघुनाथरावांच्या मृत्यूनंतरचे वाचन जड गेले. पुढे जायचे नाही हा नियम इथे अनेकांना जाचू लागला, कारण काय होणार ते ठाऊक असूनही, किंवा ठाऊक असल्यामुळेच, ते एकदाचे होऊन जावे असे वाटत होते. शंकरमामंजींच्या कारस्थानाने यमूचे केशवपन होते तो भाग माडीवर मोठ्याने वाचावा की नाही, असा प्रश्न आला. सरांचे मत नको असे पडले. आजींनी मात्र वाचायला सांगितले. सिस्टरनी तो वाचला. त्यांचा आवाज स्थिर होता आणि त्या मध्ये कुठेही थांबल्या नाहीत.

वाचून झाल्यावर आजींनी आपल्या माहेरची, वाईची हकिकत सांगितली. त्यांच्या वडिलांची एक आत्या त्या घरात होती. आलवण, म्हणजे विधवांचे तांबडे लुगडे, नेसलेली, माजघराच्या आतल्या खोलीत राहणारी. ठरलेल्या दिवशी मागच्या दाराने न्हावी येई, आणि त्या वेळी मुलांना पुढच्या अंगणात खेळायला पाठवीत. आजींना कारण माहीत नव्हते. मागच्या दारी त्या दिवशी खेळायचे नाही एवढेच माहीत होते. दुपारी आत्या पुन्हा स्वयंपाकघरात असे आणि मुलांना गूळ-दाणे देई. “ती पोथी वाचायची, छान खणखणीत वाचायची,” आजी म्हणाल्या. “पण तिची स्वतःची गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. आम्हीपण विचारली नाही.” आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. आपट्यांनी लिहिले त्यानंतर अर्धशतक उलटले होते तरी ते घडत होते, आणि त्याची साक्ष देणारी बाई आमच्यात सतरंजीवर बसलेली होती. त्या दिवशी वहीत फक्त विद्यार्थ्याने लिहिले. त्याच्या नोंदीत शंकरमामंजींवरचा राग थोडा होता. घरातली जी माणसे त्या वेळी गप्प राहिली, त्यांच्याविषयी त्याने दीड पान लिहिले होते.

कादंबरी संपल्यावर एक रविवार आम्ही फक्त वही वाचण्यासाठी ठेवला. प्रत्येकाने आपल्या नोंदी क्रमाने वाचून दाखवल्या. त्यात चुकीचे अंदाज होते, एकाच पात्राविषयी आधी कौतुक आणि मग चीड होती, कंटाळा होता. पण सगळ्या नोंदी एकापाठोपाठ एक ऐकताना कादंबरी आमच्यात कशी वाढत गेली ते दिसले. पूर्ण झालेल्या पुस्तकाविषयी माणूस बोलतो तेव्हा त्याच्याकडे निष्कर्ष असतो, आणि निष्कर्षाला सोयीची पानेच तो आठवतो. अर्ध्यावर असलेल्या वाचकाला ती सोय नसते. त्याला समोरच्या पात्राशी, ते आता जसे आहे तसेच, वागावे लागते. सिस्टरची ती भीती, काकांचा बनगरवाडीतल्या तालमीवरचा आनंद, विद्यार्थ्याचा तो प्रश्न ही सगळी मते शेवट कळल्यावर उरली नसती, आणि ती मला नंतरच्या कोणत्याही परीक्षणापेक्षा कादंबरीच्या जवळची वाटतात. शाळा-महाविद्यालयांत अभिजात कादंबरी शिकवताना आधी सारांश आणि मग उतारे अशी जी पद्धत आहे, ती उलटी करून पाहायला हवी, असे बाईंचेही आता ठाम मत झाले आहे. त्यांनी आपल्या नववीच्या वर्गात तशी एक वही ठेवली आहे.

आता आम्ही ३३ वर्षे आणखी मागे गेलो आहोत. बाबा पदमनजींचे १८५७ सालचे ‘यमुनापर्यटन’ हातात घेतले आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, तिची नायिकाही यमुनाच, आणि विषय विधवांच्या स्थितीचाच. ही यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करता करता गावोगावच्या विधवांची दुःखे ऐकत जाते. आकार लहान, म्हणून आठवड्याचा वाटाही लहान ठेवला आहे. ख्रिस्ती झालेल्या लेखकाचा धर्मप्रसाराचा हेतू पानापानांत दिसतो आणि त्यामुळे सरांना ते कादंबरी म्हणून फिके वाटते. कोरेगावच्या आमच्या शेतकरी सभासदांना मात्र वाटेत भेटणाऱ्या बायकांच्या हकिकती खऱ्या वाटतात. दोघांचीही मते तारखेसह वहीत लिहिलेली आहेत आणि पुस्तक अजून निम्मे व्हायचे आहे.